लासरू आणि उतारवयातील शस्त्रक्रिया

मोतीबिंदूवरील लेखानंतर जी पत्रे आली, त्यांत सांगलीकडील एका वाचक-बंधूंचे पत्र आहे. घरी हळदीची अडत. मातोश्रींचे वय ७६. गेली सहा-सात वर्षे त्यांच्या उजव्या डोळ्यातून सतत पाणी वाहते आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. अडतीतील हळदीची भुकटी हेच त्याचे कारण, असे घरात सर्वांनी धरून ठेवले होते. यंदा मोतीबिंदूच्या शिबिरात आक्कांचे नाव नोंदवले. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी नाकालगत, डोळ्याच्या आतील कोपऱ्यावर बोटाने दाब दिला आणि पापणीच्या कडेतून पू वर आला. "आधी याची शस्त्रक्रिया, मोतीबिंदू नंतर," असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. चिरंजीव विचारतात : या वयात आईच्या एका डोळ्यासाठी दोन शस्त्रक्रिया कराव्यात काय? औषधाने भागणार नाही काय? आणि या शस्त्रक्रियेत नाकाचे हाड फोडतात म्हणे, ते खरे काय?

मी वैद्य नव्हे. परंतु हे तिन्ही प्रश्न अनेक घरांत चुकीच्या उत्तरांवर मिटवले जातात, म्हणून वाचनातून आणि जाणकारांना विचारून जे निश्चित समजले आहे, ते येथे मांडतो.

डोळ्यातील पाणी ही केवळ दुःखाच्या वेळची वस्तू नाही. वरच्या पापणीच्या बाहेरील बाजूस असलेली अश्रुग्रंथी दिवसभर थोडे थोडे पाणी सोडत असते आणि पापण्यांच्या उघडझापीने ते बुबुळावरून पसरत आतील कोपऱ्याकडे येते. तेथे वरच्या व खालच्या पापणीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी दोन छिद्रे आहेत. आरशासमोर खालची पापणी किंचित बाहेर ओढली, तर तेथील छिद्र दिसते. तेथून सुमारे १० मिलीमीटर लांबीच्या बारीक नळ्यांतून पाणी अश्रुपिशवीत उतरते. ही पिशवी १२ ते १५ मिलीमीटरची, नाकाच्या मुळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली. तिच्या खालून एक नळी हाडातूनच नाकात जाते. रडताना नाक वाहते आणि डोळ्यात घातलेल्या थेंबांची कडू चव घशात येते, ती याच मार्गाने. न्हाणीघरातील मोरीसारखी ही व्यवस्था आहे. मोरी वाहती असेपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही.

पिशवीखालची नळी वयोमानाने आतून सुजत, आकसत जाते आणि शेवटी बंद होते. स्त्रियांमध्ये ही हाडातील वाट मुळातच अरुंद असते. त्यामुळे चाळिशीनंतर, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत पुष्कळ अधिक आढळतो. वाट बंद झाली की पाणी पिशवीत साचते, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि पाण्याचा हळूहळू पू होतो. हळदीच्या भुकटीने डोळा चुरचुरेल, लाल होईल, दोन्ही डोळ्यांना पाणी येईल. परंतु वर्षानुवर्षे एकाच डोळ्यातून पाणी वाहते आणि कोपरा दाबला असता पू येतो, याचा दोष भुकटीला देता येत नाही.

मराठीत या विकाराला लासरू म्हणतात. नव्या पिढीला हा शब्द अपरिचित झाला असला, तरी विकार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या सांध्यांचे नऊ रोग सांगितले आहेत. अश्रुमार्गातून होणारे स्राव आणि कोपऱ्यात पिकणारा पूयालस हे त्यांतलेच.

आता शिबिरातील डॉक्टरांनी आक्कांना परत का पाठवले, ते पाहू. घरच्यांना तो अन्याय वाटला आणि पत्रात तसा सूरही आहे. वस्तुतः त्या डॉक्टरांनी त्यांचा डोळा वाचवला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बुबुळाच्या कडेला छेद देऊन डोळ्याच्या आत प्रवेश केला जातो. छेद कितीही लहान असला, तरी तो आत जाणारा दरवाजाच आहे. बाजूच्या पिशवीतून अहोरात्र जंतू डोळ्यावर येत असतील आणि त्यांतले थोडे आत शिरले, तर संपूर्ण नेत्रगोलात पू होऊ शकतो. असा डोळा काही दिवसांत कायमचा जाऊ शकतो. म्हणूनच मोतीबिंदूपूर्वी कोपरा दाबून पाहणे आणि शंका आल्यास खालच्या छिद्रातून पिचकारीने पाणी सोडून ते घशात उतरते की नाही हे तपासणे, ही आपल्याकडील नेत्ररुग्णालयांची जुनी शिस्त आहे. मधुमेही रुग्णांच्या डोळ्यात पडद्यासाठी जी इंजेक्शने दिली जातात, त्यांनाही हाच नियम लागू पडतो. मोतीबिंदू नसला, तरी लासरू असलेल्या डोळ्याला धोका असतोच. धान्याचे कूस किंवा नख लागून बुबुळावर साधा ओरखडा पडला, तरी तो पिकून फूल पडण्याची भीती असते. अडत, भुसार, कापड यांच्या धुळीत वावरणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळे सांगणे नको.

औषधाने भागेल काय? भागणार नाही. प्रतिजैविकांच्या थेंबांनी पू काही दिवस कमी होतो, पापण्या चिकटत नाहीत, घरात समाधान पसरते. पण नळी बंदच असते. थेंब थांबले की महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. कोपऱ्याला मालीश करण्याचा उपाय तान्ह्या बाळांत उपयोगी पडतो, कारण त्यांच्या नळीच्या तोंडाशी केवळ एक पातळ पडदा उरलेला असतो. प्रौढांमध्ये नळी आतून घट्ट झालेली असते, तेथे मालिशीने किंवा सळई घालून फारसे साधत नाही. वर्षानुवर्षे थेंब घालत राहणे म्हणजे मुद्दल तसेच ठेवून व्याज भरत राहणे, आणि या खात्यात व्याजाचा दर मध्येच वाढतो. अचानक कोपरा लाल होऊन सुजतो, ठणका लागतो, ताप येतो, गळू फुटते. कधी गालाच्या वरच्या बाजूस कायमचे छिद्र राहते आणि त्यातून पाणी झिरपत राहते. अशा तीव्र अवस्थेत प्रथम पोटातून औषधे देऊन, प्रसंगी गळवाचा निचरा करून दाह शांत करतात. मूळ शस्त्रक्रिया त्यानंतर होते.

एक सूचना येथेच करून ठेवतो. कोपऱ्यातील गाठ कठीण असेल, दाबूनही लहान होत नसेल, नेहमीच्या जागेपेक्षा वर सरकत असेल किंवा अश्रूंबरोबर रक्त येत असेल, तर ते साधे लासरू समजू नये. अश्रुपिशवीत अर्बुद क्वचितच होते, परंतु झाल्यास ते पुष्कळदा घातक जातीचे असते. त्यासाठी सीटी स्कॅन आणि तुकड्याची तपासणी लागते. उतारवयात या शक्यतेकडे दुर्लक्ष नको.

शस्त्रक्रिया दोन प्रकारची आहे आणि खरा निर्णय येथे आहे.

पहिली डीसीआर. नाकाच्या बाजूला साधारण एक सेंटिमीटरचा छेद घेऊन पिशवी आणि नाकाची पोकळी यांमधील हाडाचा लहानसा तुकडा काढतात. पिशवीचे अस्तर नाकाच्या अस्तराला शिवतात आणि पाण्याला नवी वाट करून देतात. तुंबलेली नळी तशीच राहते, तिला वळसा घातला जातो. म्हणजे "हाड फोडतात" हे खरे आहे, पण हातोडीचे जे चित्र मनात उभे राहते ते खरे नव्हे. त्या जागेतील अश्रु-अस्थी कागदासारखी पातळ असते. तिच्यापुढचा जाड भाग लहान चिमट्याने कुरतडून सुमारे रुपयाच्या नाण्याहून लहान खिडकी केली जाते आणि नाकाचा आकार बदलत नाही. इटलीतील फ्लॉरेन्सच्या अद्देओ तोती यांनी १९०४ साली ही पद्धत मांडली. १९२१ मध्ये फ्रान्सच्या द्युपुई-द्युतां आणि बुर्गे यांनी दोन्ही अस्तरे एकमेकांना शिवण्याची सुधारणा केली आणि तिने यशाचे प्रमाण खूप वाढवले. अनुभवी हातांत आज दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक रुग्णांत ती यशस्वी होते. पू थांबतो आणि पाणीही थांबते.

दुसरी डीसीटी. हिच्यात पिशवीच समूळ काढून टाकतात. हाड कापावे लागत नाही, नाकाचे अस्तर उघडावे लागत नाही, त्यामुळे रक्तस्राव कमी होतो आणि वेळही साधारण निम्मा लागतो. पू कायमचा थांबतो. मात्र पाण्याला वाट उरत नाही, म्हणून डोळा पुढेही ओलसर राहतो. पिशवी एकदा काढल्यावर साधी डीसीआर पुढे करता येत नाही. कोणी हट्टच धरला, तर काचेची लहान नळी बसवण्याचा उपाय आहे, पण तो अधिक कटकटीचा.

वृद्धांसाठी यांपैकी कोणती? जुन्या पिढीतील अनेक शल्यवैद्यांचा कल सत्तरीपुढे सरसकट डीसीटीकडे असे. त्याला कारणेही होती. वयाबरोबर अश्रू कमी तयार होतात, त्यामुळे निचरा नसला तरी पाणी फारसे सांडत नाही. हृदयविकार, दमा, रक्त पातळ करणारी औषधे असलेल्या रुग्णाला टेबलावर जितके कमी ठेवावे तितके बरे. ज्यांचे डोळे मुळातच कोरडे आहेत, ज्यांच्या नाकाचे अस्तर सुकून गेले आहे किंवा ज्यांची प्रकृती फारच तोळामासा आहे, त्यांच्यासाठी डीसीटी आजही योग्य आणि प्रतिष्ठेची शस्त्रक्रिया आहे. तिला 'गरिबांची शस्त्रक्रिया' म्हणून हिणवणारे चूक करतात.

परंतु केवळ जन्मतारीख पाहून तिची निवड करणे मला पटत नाही. ७६ वर्षांच्या आक्का पहाटे उठून मंदिराच्या पायऱ्या चढत असतील, रक्तदाब आणि साखर आटोक्यात असेल आणि डोळ्यात पाणी भरपूर असेल, तर डीसीआरने त्यांना दोन्ही लाभ मिळतात. ही शस्त्रक्रियाही जागा बधिर करून, पूर्ण भूल न देता करता येते, म्हणून 'वय झाले, भूल सोसणार नाही' हा आक्षेप फारसा टिकत नाही. घरांत होते असे की निर्णय चिरंजीव, जावई आणि दुकानात आलेले एखादे डॉक्टर-ग्राहक मिळून घेतात. "आता आईला कुठे बाहेर जायचे आहे? थोडे पाणी आले तर आले," असे म्हणून विषय संपवला जातो. त्या पाण्याने काय होते, हे मात्र आक्कांना कोणी विचारत नाही. पदराचे टोक सदैव ओले, पापणीखालची कातडी सोललेली, स्वाध्यायाला बसले की दोन ओळींत अक्षरे विरघळतात. शेजारीण विचारते, "आक्का, रडताय का?" म्हणून प्रवचनात मागच्या ओळीत बसायचे. पातवंडाचा पापा घेताना आपला पू लागेल या संकोचाने मान वळवायची. ज्यांचा डोळा आहे त्यांच्यासमोर दोन्ही पर्याय, डीसीटीनंतर पाणी राहू शकते या स्पष्ट वाक्यासह, ठेवावेत. आक्कांनी सर्व ऐकून "मला छोटीच करा" म्हटले, तर तेही त्यांचे उत्तर आहे.

नाकातून दुर्बिणीने करावयाची डीसीआर अलीकडे बरीच होते. नाकातून वाट करण्याची कल्पना अमेरिकेतील कॉल्डवेल यांनी १८९३ मध्येच मांडली होती, परंतु आत नीट दिसत नसल्यामुळे ती मागे पडली. दुर्बिणी आल्यावर, १९८९ पासून, तिला नवे जीवन मिळाले. चेहऱ्यावर व्रण राहत नाही आणि सरावलेल्या हातांत यश बाहेरच्या छेदाच्या बरोबरीचे येते. नाकाचा पडदा फार वाकडा असेल, तर आधी तो सरळ करावा लागू शकतो. 'लेसर' या शब्दाचा मात्र आपल्याकडे विनाकारण मोह आहे. लेसरने केलेली वाट लहान असते आणि पुन्हा बुजण्याचा संभव सामान्यतः अधिक. सुरकुत्यांत मिसळून जाणाऱ्या एका सेंटिमीटरच्या व्रणासाठी ७६ व्या वर्षी इतका विचार कशाला, असे मला वाटते. पण हेही आक्काच ठरवतील.

शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चालू औषधांची यादी. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांसारख्या औषधांनी रक्तस्राव वाढतो, आणि नाकाचे अस्तर मुळातच रक्तवाहिन्यांनी भरलेले आहे. म्हणून कोणी परस्पर गोळी बंद करतो. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने असे करणे जिवावर बेतू शकते. गोळी थांबवायची की नाही, किती दिवस, पुन्हा कधी सुरू करायची, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यवैद्य यांनी मिळून लेखी द्यावे. रक्तदाब आटोक्यात नसेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकललेली बरी. पण 'पर्युषण झाल्यावर, मग दिवाळी, मग हळदीचा हंगाम' अशी ढकलाढकल वेगळी. पर्वाचे आठ-दहा दिवस टाळणे समजू शकते, सबंध वर्ष टाळण्याला अर्थ नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी काय खावे हे रुग्णालय सांगेल तेच करावे. मधुमेहींनी त्या दिवसाला आपला उपवास जोडू नये.

आपल्या समाजाच्या दृष्टीने काही गोष्टी आगाऊ विचारून ठेवाव्यात. बहुतेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते आणि ते प्राणिजन्य आहे. तेच औषध पुष्कळदा गोळीच्या रूपात मिळते. रक्त थांबवण्यासाठी काही वेळा जिलेटिनचा स्पंज वापरतात. त्याऐवजी वनस्पतिजन्य सेल्युलोजपासून बनलेले पर्याय उपलब्ध आहेत. आतील टाक्यांसाठी पूर्वी जनावरांच्या आतड्यापासून केलेला धागा असे, आता विरघळणारा कृत्रिम धागा सर्रास वापरात आहे. हे सर्व शल्यवैद्यांना दोन दिवस आधी सांगितले तर ते सहसा आनंदाने सोय करतात. ऐन टेबलावर सांगितले तर कोणाचाच उपयोग नाही. आणि रक्तस्रावाच्या क्षणी हाताशी असेल ते वापरण्याची मोकळीक त्यांना असावी. चौविहार पाळणाऱ्यांनी दिवसातून दोनदाच घ्यावी लागणारी औषधे मिळतील काय, हे विचारावे. रात्रीच्या थेंबांविषयी वृद्धांच्या मनात शंका येते, कारण डीसीआरनंतर थेंबांची चव घशात स्पष्ट जाणवते. वैद्यकीयदृष्ट्या ती चव म्हणजे वाट मोकळी झाल्याची आनंदवार्ता आहे. नियमाच्या दृष्टीने काय करावे, हे ज्याने त्याने आपल्या गुरुजनांना विचारावे. थेंबांची वेळ सूर्यास्तापूर्वी बसवता येते का, हेही डॉक्टरांना विचारता येते.

नंतरची काळजी थोडक्यात. नाकात पट्टी भरली असल्यास बहुधा दुसऱ्या दिवशी काढतात, कातडीचे टाके आठवड्याच्या आसपास. तोवर डोके उंचावर ठेवून झोपावे, नाक शिंकरू नये, शिंक आलीच तर तोंड उघडून द्यावी, पहिल्या दिवशी कढत चहा-दूध टाळावे. वाकून पंचांग नमस्कार, जलनेती आणि तपकीर ही तिन्ही डॉक्टर परवानगी देतील तेव्हाच. तपकीर पुन्हा सुरू केलीच नाही तर फारच उत्तम. काहींच्या कोपऱ्यात सिलिकॉनची बारीक नळी काही आठवडे ते दोन-तीन महिने ठेवतात. तिचे टोक बाहेर आल्यास ओढू नये, गालावर चिकटवून रुग्णालयात जावे. चार-सहा दिवसांनीही नाकातून रक्ताची धार लागली तर सकाळची वाट पाहू नये. मोतीबिंदूची पाळी काही आठवड्यांनी, पू पूर्ण थांबल्याची खात्री करून मगच येते.

खर्चाविषयी माझ्या जुन्या पेशाला धरून दोन शब्द. ही शस्त्रक्रिया अनेक आरोग्य-विम्यांच्या डे-केअर यादीत असते, आपल्या पॉलिसीची यादी आधी वाचावी. नवी पॉलिसी घेताना "डोळ्यातून पाणी येते" हे अर्जात लिहावे. न लिहिलेल्या जुन्या आजारावरून दावे अडकतात. लिहिलेल्या आजारासाठीची प्रतीक्षा १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिन्यांची केली आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेचे कार्ड मिळते. त्यात कोणते रुग्णालय ही शस्त्रक्रिया करते, ते तेथील मदत-कक्षात विचारावे. आपल्याला ते घेण्याची गरज नाही असे वाटणाऱ्यांनी आपल्या दुकानातील हमालाच्या, दिवाणजींच्या आई-वडिलांना तरी ते काढून द्यावे.

आणि शिबिरांविषयी. औषधदान हे आपल्याकडील चार दानांपैकी एक, आणि नेत्रशिबिरे हा त्याचा आपल्या संस्थांचा आवडता मार्ग आहे. अहवालात 'इतक्या मोतीबिंदू शस्त्रक्रिया' असा आकडा छापला जातो. तपासणीतून परत पाठवलेल्यांचा रकाना मात्र अहवालात नसतो. लासरूचा पू निघाला म्हणून एसटीने गावी परतलेल्या म्हाताऱ्या बाईला पुढे कोठे जायचे हे कोणी लिहून दिलेले नसते, आणि सांगलीच्या आक्कांप्रमाणे तिचा मुलगा मासिकाला पत्र लिहीत नाही. ती पुढच्या वर्षीच्या शिबिरात पुन्हा येते आणि पुन्हा परत जाते. ज्या मंडळांकडे यंदाच्या शिबिराचा निधी शिल्लक असेल, त्यांनी नोंदवहीतून अशा परत गेलेल्यांची नावे काढून त्याच रुग्णालयाशी त्यांच्या डीसीआर-डीसीटीचे बोलणे करावे. शिबिरामागे अशी नावे थोडीच निघतात.